अपौरुषेयतेचा दावा आणि माणसांची लेखणी

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीचे पहिले अँग्लिकन बिशप जॉन विल्यम कोलेन्सो हे मूळचे गणिताचे अध्यापक. इंग्लंडमधील शाळांतून त्यांची अंकगणिताची आणि बीजगणिताची पुस्तके शिकवली जात. नाताळला गेल्यावर ते झुलू भाषा शिकले, तिचे व्याकरण आणि शब्दकोश त्यांनी सिद्ध केले आणि बायबलचे त्या भाषेत भाषांतर करण्यास प्रारंभ केला. विल्यम न्गिडी नावाचा एक झुलू सहकारी या कामात त्यांना साहाय्य करीत असे. नोहाच्या जलप्रलयाची कथा भाषांतरित होत असताना या सहकाऱ्याने एक सरळ प्रश्न विचारला. हे सारे खरे आहे काय? पृथ्वीवरचे सर्व पशू, पक्षी आणि सरपटणारे जीव खरोखरच जोडीजोडीने एका तारवात शिरले असे बिशपसाहेब स्वतः मानतात काय?

भूगर्भशास्त्र वाचलेल्या कोलेन्सोंना 'होय' म्हणता येईना. देवाच्या नावाने असत्य बोलण्याचे धाडसही होईना. त्यांनी मोशेच्या नावावर असलेल्या पाच ग्रंथांची गणिताच्या दृष्टीने तपासणी केली. इजिप्तमधून निघालेल्या इस्रायली लोकांत शस्त्र धरू शकणारे सहा लाखांवर पुरुष होते असे हे ग्रंथ सांगतात, आणि प्रथम जन्मलेल्या मुलग्यांची संख्या मात्र बावीस हजार दोनशे त्र्याहत्तर देतात. याचा हिशेब केला तर प्रत्येक मातेला सरासरी चाळीसहून अधिक मुलगे असावे लागतात. असे अनेक हिशेब मांडून कोलेन्सोंनी आपल्या ग्रंथाचा पहिला भाग १८६२ साली प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी केपटाउनच्या बिशपांनी त्यांना पदच्युत केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६५ साली हा निर्णय बेकायदा ठरवला. परंतु सहधर्मीयांचा बहिष्कार त्यांना मरेपर्यंत भोगावा लागला. धर्मांतर घडवण्यासाठी गेलेल्या बिशपांना एका झुलू माणसाने विचार करावयास लावले, एवढीच ही कथा आहे. परंतु तिच्यातील प्रश्न आजही जिवंत आहे, आणि भारताच्या दृष्टीने तर तो अत्यंत महत्त्वाचा आहे.

डोंगरदऱ्यांतील एखाद्या पाड्यावर जेव्हा हा ग्रंथ नेला जातो, तेव्हा तो साक्षात ईश्वराचा शब्द म्हणून नेला जातो. त्याच वेळी तेथील वनवासी बांधवाला सांगितले जाते की, त्याचे देव माणसांनी कल्पिलेले आहेत, त्याच्या कथा माणसांनी रचलेल्या आहेत, आणि म्हणून त्या त्याज्य आहेत. अशा वेळी त्या बांधवाला एक प्रश्न विचारण्याचा निर्विवाद अधिकार आहे. हा ग्रंथ कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला? या प्रश्नाचे उत्तर हिंदू टीकाकारांनी द्यावयाचे कारण नाही. युरोपातील ज्यू आणि ख्रिस्ती पंडितांनीच गेली तीनशेहून अधिक वर्षे ते परिश्रमपूर्वक शोधले आहे. दुर्दैव इतकेच की, ग्रंथ ज्या गलबतातून येथे आला, त्या गलबतात त्या उत्तराला जागा मिळाली नाही.

मुळात बायबल हा एक ग्रंथ नव्हे. ती ग्रंथांची पेटी आहे. प्रोटेस्टंट परंपरेनुसार तिच्यात जुन्या कराराचे एकोणचाळीस आणि नव्या कराराचे सत्तावीस असे सहासष्ट ग्रंथ आहेत. कॅथलिकांच्या पेटीत ही संख्या त्र्याहत्तर भरते. जुना करार हिब्रूत आणि काही अंशी अरामी भाषेत आहे, तर नवा करार ग्रीक भाषेत आहे. यातील सर्वांत जुन्या आणि सर्वांत अलीकडच्या रचनेत सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. एवढ्या दीर्घ काळात कवी, राजदरबारातील बखरकार, पुरोहित, प्रवक्ते, पत्रलेखक आणि नकलकार अशा नाना तऱ्हेच्या माणसांची लेखणी तिच्यावर चालली. त्यातील बहुतेकांची नावेही आज ज्ञात नाहीत.

परंपरा मात्र असे मानीत आली की, पहिले पाच ग्रंथ स्वतः मोशेने लिहिले. पाचव्या ग्रंथाच्या अखेरीस मोशेचा मृत्यू, त्याचे दफन आणि लोकांनी केलेला शोक यांचे वर्णन आहे. मृत माणूस स्वतःच्या मृत्यूचे वर्णन कसे लिहील, ही शंका जुन्या ज्यू पंडितांनाही चाटून गेली होती. बाराव्या शतकातील इब्न एझ्रा यांनी अशी काही स्थळे सूचक शब्दांत दाखवून दिली. स्पिनोझाने मात्र १६७० साली स्पष्टच सांगितले की, हे ग्रंथ मोशेचे नव्हेत. ते पुष्कळ नंतरच्या संकलकाचे, बहुधा एज्राचे आहेत. ग्रंथावर लेखकाचे नाव नव्हते आणि प्रकाशनस्थळही खोटे छापले होते, इतकी सावधगिरी बाळगूनही १६७४ साली हॉलंडमध्ये त्यावर बंदी आली. रिचर्ड सिमोन या फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूने १६७८ साली हाच विषय हाताळला, तेव्हा त्याच्या ग्रंथाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या आणि त्याला आपल्या धर्मसंघातून बाहेर पडावे लागले.

पुढे १७५३ साली झां आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने एक साधे निरीक्षण मांडले. 'उत्पत्ति' ग्रंथात ईश्वराला दोन वेगवेगळी नावे येतात, 'एलोहिम' आणि 'याव्हे'. आणि नाव बदलते तेथे कथाही बदलते. मराठी बायबल उघडून पाहणाऱ्यालाही हे दिसते. पहिल्या अध्यायात 'देव' सृष्टी निर्माण करतो. दुसऱ्या अध्यायात तो 'परमेश्वर देव' होतो. पहिल्या कथेत आधी वनस्पती, मग पशुपक्षी आणि शेवटी स्त्री-पुरुष एकत्रच निर्माण होतात. दुसऱ्या कथेत आधी पुरुष, मग झाडे, मग प्राणी आणि शेवटी पुरुषाच्या फासळीतून स्त्री असा क्रम आहे. जलप्रलयाच्या कथेतही दोन सूत्रे एकमेकांत गुंफलेली आहेत. एका जागी प्रत्येक प्राण्याची एक जोडी घेण्याची आज्ञा आहे, तर दुसऱ्या जागी शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या घेण्याची. एका ठिकाणी चाळीस दिवस, तर दुसऱ्या ठिकाणी दीडशे दिवस पाण्याचा जोर राहतो. जर्मन पंडित युलियुस वेलहाउझेन यांनी १८७८ साली या सर्व संशोधनाची मांडणी केली आणि पाच ग्रंथांमागे चार निरनिराळे स्रोत असल्याचा सिद्धान्त प्रस्थापित केला. त्या चार स्रोतांच्या तपशिलाविषयी आज विद्वानांत मतभेद आहेत. परंतु हे ग्रंथ अनेक हातांनी, अनेक शतकांत घडले, याविषयी विद्यापीठीय जगात वाद उरलेला नाही.

कोणी लिहिले, यापेक्षा कशासाठी लिहिले हा प्रश्न अधिक बोधप्रद आहे. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने उत्तरेकडील इस्रायलचे राज्य बुडवले. दक्षिणेत यहूदाचे चिमुकले राज्य तेवढे उरले. तेथे योशीया राजाच्या काळी, इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिराची दुरुस्ती चालू असताना हिल्कीया नावाच्या मुख्य पुरोहिताला नियमशास्त्राचा एक ग्रंथ 'सापडला', असे बायबलच सांगते. तो ऐकून राजाने आपली वस्त्रे फाडली आणि राज्यभरातील सर्व वेद्या, पवित्र स्तंभ आणि उपासनास्थाने उद्ध्वस्त करून एकट्या यरुशलेममध्येच उपासना चालेल असा नियम केला. हा सापडलेला ग्रंथ म्हणजे 'अनुवाद' या पाचव्या ग्रंथाचा मूळ भाग होय, आणि तो योशीयाच्या काळाच्या फार पूर्वीचा नव्हे, असे डी वेट्टे या जर्मन पंडिताने १८०५ साली दाखवून दिले. खेडोपाडीच्या वेद्या मोडल्या, दक्षिणा आणि अधिकार राजधानीच्या पुरोहितांकडे एकवटले, राजसत्ता दृढ झाली. संकटात सापडलेल्या एका लहान राज्याच्या एकीकरणाचा तो कार्यक्रम होता. त्यावर स्वाक्षरी मात्र मोशेची आणि ईश्वराची होती.

त्यानंतर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिरही भस्मसात केले आणि तेथील प्रतिष्ठित लोकांना बंदिवान करून नेले. राजा गेला, मंदिर गेले, भूमी सुटली. अशा वेळी समाज म्हणून टिकायचे कसे? त्या निर्वासित पुरोहितांनी आणि लेखकांनी जे उत्तर शोधले, त्यापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. मंदिराची जागा त्यांनी ग्रंथाला दिली. विखुरलेल्या आठवणी, गीते, वंशावळी आणि कायदे एकत्र केले. पराभव हा आपल्या देवाचा पराभव नसून आपल्याच पापाची शिक्षा आहे, असा अर्थ लावला. बाबेलच्या लोकांची जलप्रलयाची कथा त्यांच्या कानी होतीच. निनवेच्या उत्खननातील इष्टिकांवरची ती कथा जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ साली लंडनमध्ये वाचली, तेव्हा नोहाच्या कथेशी असलेले तिचे साम्य पाहून सारे युरोप चकित झाले. सृष्टीच्या निर्मितीची कथा त्यांनी सात दिवसांच्या चौकटीत बसवली आणि सातव्या दिवसाच्या विश्रांतीला विश्वाच्या रचनेतच स्थान दिले. जेथे मंदिर नाही, राजा नाही, तेथेही शनिवार पाळता येतो! महाराष्ट्राला याची साक्ष अन्यत्र शोधावी लागत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायलींना आजूबाजूचे गावकरी 'शनिवार तेली' म्हणत. हिब्रू भाषा विसरली, ग्रंथ दुरावला, तरी शनिवार सुटला नाही. आणि रायगडच्या त्या गावांत त्यांना त्यासाठी कोणी छळलेही नाही.

तेव्हा या लेखकांना लबाड म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. आपला समाज जगावा, ही त्यांची प्रेरणा होती. आपत्ती उत्पन्न झाली ती पुढे. एका छोट्या समाजाच्या आत्मरक्षणासाठी लिहिलेल्या आज्ञा जेव्हा देश-काल-परिस्थिती पुसून टाकून अखिल मानवजातीला लागू असलेले ईश्वरी विधान ठरल्या, तेव्हा त्यांचे स्वरूप पालटले. योशीयाने यहूदातील वेद्या मोडल्या. परंतु इतरांची उपासनास्थाने मोडणे हे धर्मकृत्य आहे हा संस्कार ग्रंथाबरोबर समुद्रापार गेला. गोव्यात १५४० साली तिसवाडीतील आणि १५६७ साली साष्टीतील मंदिरे पाडण्यात आली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला न्यावी लागली. १५६० साली तेथे इन्क्विझिशन बसले आणि ते १८१२ पर्यंत पुरते उठले नाही. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात एका राजाला ज्या कारणाने वेद्या नकोशा झाल्या, त्या कारणाशी कुशस्थळीच्या ग्रामस्थांचा काय संबंध होता? ग्रंथ कोणी आणि कशासाठी लिहिला, हा केवळ पंडितांच्या कुतूहलाचा विषय का नाही, याचे उत्तर येथे मिळते.

नव्या कराराची घडणही अशीच उद्बोधक आहे. येशू अरामी भाषा बोलत. त्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळही उपलब्ध नाही. इ.स. ३० च्या सुमारास त्यांना क्रुसावर चढवण्यात आले. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने ख्रिस्ती लेखन म्हणजे पौलाची पत्रे. ती त्यानंतर सुमारे वीस ते तीस वर्षांनी लिहिली गेली, आणि येशूंच्या हयातीत पौल त्यांच्या शिष्यांत नव्हता. त्याच्या नावावर तेरा पत्रे आहेत. त्यांपैकी सात निःसंशय त्याची असल्याचे बहुतेक विद्वान मानतात. जगाचा अंत जवळ आला आहे आणि प्रभू लवकरच परत येणार आहेत, अशी त्या पहिल्या पिढीची धारणा होती. जग उद्या संपणार असेल तर चरित्रे कोण लिहीत बसेल? परंतु जग संपले नाही. प्रत्यक्षदर्शी मंडळी एकेक करून काळाच्या पडद्याआड जाऊ लागली. तेव्हा शुभवर्तमाने लिहिण्याची निकड उत्पन्न झाली.

मार्कचे शुभवर्तमान इ.स. ७० च्या आसपासचे, मत्तय आणि लूक यांची त्यानंतर दहा-वीस वर्षांची आणि योहानाचे पहिल्या शतकाच्या अखेरचे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चारही मूळ ग्रीक ग्रंथ निनावी होते. ही नावे त्यांना दुसऱ्या शतकातील परंपरेने दिली. मत्तय आणि लूक यांनी मार्कचा बराचसा मजकूर जवळ जवळ शब्दशः घेतला आहे. लूकचा कर्ता तर आरंभीच प्रांजळपणे सांगतो की, आपल्या आधी अनेकांनी हा वृत्तान्त लिहिला असून आपण चौकशी करून तो क्रमवार मांडीत आहोत. योहानाच्या ग्रंथात, वाचकांनी विश्वास ठेवावा हाच लेखनाचा हेतू असल्याचे नमूद आहे. म्हणजे ही इतिहासकाराची नव्हे, प्रचारकाची लेखणी होय, आणि तिने ते लपवलेले नाही. म्हणूनच क्रुसावरचे अखेरचे उद्गारही चौघांचे एक नाहीत. मार्क आणि मत्तय यांचा येशू देवाने टाकून दिल्याचा आक्रोश करतो. लूकचा शांतपणे आत्मसमर्पण करतो. योहानाचा कार्य पूर्ण झाल्याच्या समाधानाने प्राण सोडतो.

यामागील एक हेतू मात्र फार महाग पडला. इ.स. ७० साली रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर पुन्हा उद्ध्वस्त केले. ज्यू बंडखोर ठरले. रोमन साम्राज्यातच वाढू पाहणाऱ्या नव्या पंथाला बंडखोरांपासून वेगळे दिसणे आवश्यक झाले. क्रुसाची शिक्षा देण्याचा अधिकार रोमन सत्तेचा होता आणि ती रोमन सुभेदार पिलात याने दिली. परंतु शुभवर्तमानांतून पिलाताचा दोष उत्तरोत्तर फिका होत जातो आणि ज्यूंचा गडद होत जातो. मत्तयाच्या ग्रंथात तर पिलात हात धुतो आणि जमाव ते रक्त आपल्या मुलाबाळांवर घेतो! या एका प्रसंगाच्या आधारे युरोपात ज्यूंना शतकानुशतके 'देवाचे मारेकरी' म्हणून छळले गेले. व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेला हा सामूहिक दोषारोप अधिकृतपणे मागे घ्यायला १९६५ साल उजाडावे लागले.

पेटीत कोणते ग्रंथ ठेवायचे, हेही माणसांनीच ठरवले. सुमारे इ.स. १८० मध्ये इरेनियस या बिशपने शुभवर्तमाने चारच असली पाहिजेत असा आग्रह धरला. आजच्या सत्तावीस ग्रंथांची तंतोतंत यादी प्रथम आढळते ती अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात. जे बाहेर राहिले ते लोपले. त्यांतील काही १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे एका मातीच्या रांजणात सापडले. आत राहिलेल्या ग्रंथांतही भर पडतच होती. मार्कच्या अखेरच्या बारा ओव्या चौथ्या शतकातील दोन्ही प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारिणीला दगड मारू पाहणाऱ्यांना येशू निरुत्तर करतात, ती सुंदर कथा योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचे उघड समर्थन करणारे वाक्य नंतर घुसवलेले आहे, हे सिद्ध करण्यासाठी खुद्द आयझॅक न्यूटनने प्रबंध लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७५४ साली प्रसिद्ध झाला.

येथे हिंदू वाचकांनीही सावध असावे. बायबल नायकेयाच्या परिषदेत मतदानाने ठरले, ही लोकप्रिय कादंबऱ्यांनी रूढ केलेली समजूत निराधार आहे. ३२५ सालच्या त्या परिषदेने ग्रंथांची यादी ठरवली नव्हती. येशू लडाखच्या हेमिस मठात राहून गेले, ही निकोलाय नोटोविचने १८९४ साली पसरवलेली कथा तर पुढच्याच वर्षी खोटी ठरली; मठाच्या प्रमुख लामांनीच तिचा इन्कार केला. तरीही ती आपल्याकडील व्यासपीठांवरून अभिमानाने सांगितली जाते. सत्याच्या बाजूने उभे राहणाऱ्याला असत्याची कुबडी लागत नाही.

ज्यांनी हे सत्य शोधले त्यांचे काय झाले? येशूंच्या चरित्राची चिकित्सा १८३५ साली करणाऱ्या डेव्हिड स्ट्राउस यांना अध्यापकपद गमवावे लागले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने १८८१ साली विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांना ॲबरडीनच्या अध्यासनावरून दूर केले. आल्फ्रेड लुआझी या फ्रेंच धर्मगुरूला १९०८ साली धर्मबहिष्कृत करण्यात आले. कॅथलिक चर्चने आपल्या पंडितांना या पद्धतीची वाट मोकळी करून दिली ती १९४३ साली, पोप बारावे पायस यांच्या परिपत्रकाने. आज प्रमुख चर्चपंथांच्या धर्मशिक्षणात हे सर्व अभ्यासले जाते. परंतु १९७८ साली शिकागो येथे जमलेल्या इव्हँजेलिकल मंडळींनी बायबलमध्ये कोणताही प्रमाद नसल्याचा जाहीरनामा काढला. धर्मांतराचा सर्वाधिक उत्साह याच प्रवाहात आहे. म्हणजे धर्मगुरू होणाऱ्याला जे शिकवले जाते, ते धर्मांतरिताला सांगितले जात नाही.

महाराष्ट्राने ही दोन मापे फार पूर्वी अनुभवली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मोरभट दांडेकर यांच्याशी मुंबईत १८३१ साली जाहीर वाद केला आणि पुढल्या वर्षी हिंदू धर्माचे वाभाडे काढणारे पुस्तक छापले. पुराणांतील विसंगती दाखवणे हे त्यांचे मुख्य शस्त्र होते. तोवर आस्त्रुकचा ग्रंथ पाऊणशे वर्षांचा झाला होता आणि डी वेट्टेचा प्रबंध पाव शतकाचा! विल्सन पुढे ज्या फ्री चर्चमध्ये सामील झाले, त्याच चर्चने रॉबर्टसन स्मिथना बाहेर काढले. पुराणांची चिरफाड करणे हे ज्ञान आणि बायबलची चिकित्सा करणे हे पाखंड, असा तो न्याय होता. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना जाहीर सभांतून जे उलट प्रश्न विचारले, ते याच न्यायाविरुद्ध होते. त्यांच्या हाताशी जर्मन पंडितांचे ग्रंथ नव्हते. निर्भय बुद्धी होती.

यावर कोणी विचारील, हिंदूही वेदांना अपौरुषेय मानतातच ना? मानतात, परंतु त्याच परंपरेने प्रत्येक सूक्ताच्या ऋषीचे नावही जपले. मीमांसक वेदांना कर्ताच नाही म्हणतात, नैयायिक ईश्वराला कर्ता मानतात आणि चार्वाक दोघांनाही हसतात. वेद न मानणाऱ्या महावीरांचा आणि बुद्धांचा वारसा हा देश अभिमानाने मिरवतो. ग्रंथाला काळाच्या वर ठेवण्याचा दोष आपल्याकडेही शिरला होता, हे मात्र नाकारता येणार नाही. शास्त्राच्या नावाने आपल्याच बांधवांना अस्पृश्य ठरवण्यात आले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी श्रुतिस्मृतिपुराणोक्ताच्या जागी अद्ययावत विज्ञाननिष्ठा मागितली ती याचसाठी. आणि बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेला निःसंदिग्ध शब्दांत पाप ठरवले तेही याचसाठी. स्वतःकडे असे पाहता आले, म्हणूनच दुसऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो.

या वृत्तीचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. देशभरातील १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. युरोपात विकसित झालेली पाठचिकित्सेची शास्त्रीय पद्धती वापरण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर स्वतः बर्लिनमध्ये शिकले होते. व्यासांनी गणपतीकडून महाभारत लिहून घेतल्याची लाडकी कथा त्यांनी पुराव्याअभावी मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. द्रौपदीने श्रीकृष्णाचा धावा केल्याचा प्रसंग सभापर्वाच्या संहितेतून वगळला गेला; त्या पर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन तर अमेरिकन होते. सुकथनकरांना कोणी पदच्युत केले नाही. धर्मपीठांनी बहिष्कार घातला नाही. १९६६ साली कार्य पूर्ण झाले तेव्हा तो राष्ट्रीय गौरवाचा प्रसंग ठरला, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत तो साजरा झाला. आणि कीर्तनात द्रौपदीची वस्त्रे आजही श्रीकृष्णच पुरवतो! श्रद्धा ग्रंथाच्या ओळीवर टांगलेली नसेल, तर ओळ हलल्याने ती पडत नाही.

ख्रिस्ती बांधव याच भूमीचे पुत्र आहेत. क्रुसावरील करुणामूर्तीपुढे हात जोडणाऱ्याच्या भक्तीशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही. येशूंच्या गिरिप्रवचनातील उदात्तता ते कोणी टिपून ठेवले यावर अवलंबून नाही. आक्षेप आहे तो एकाच दाव्याला: हा ग्रंथ तेवढा ईश्वराचा आणि बाकी सारे माणसांचे. हा दावा ख्रिस्ती पंडितांच्याच संशोधनाने निकालात निघाला आहे. तो निघाल्यावर ज्याच्या हाती जो ग्रंथ आहे तो त्याने आदराने वाचावा. परंतु दुसऱ्याचे देव्हारे रिकामे करण्याचे शस्त्र म्हणून तो उगारण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.

कार्यकर्त्यांनी आणि सुशिक्षित कुटुंबांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. बायबलची निंदा नको, जाळपोळ तर नकोच, ते वाचावे. बाजारात मिळणारे मराठी भाषांतर घ्यावे, 'उत्पत्ति'चे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवावेत, चारही शुभवर्तमानांतील अखेरचे प्रसंग ताडून पाहावेत. आपल्या रामायण-महाभारताशीही आपला तितकाच परिचय आहे काय, हेही त्या निमित्ताने स्वतःला विचारावे. न वाचलेल्या ग्रंथाचा अभिमान आणि न वाचलेल्या ग्रंथाचा द्वेष, दोन्ही सारखेच पोकळ असतात.

पाड्यावरच्या ज्या बांधवाच्या हाती हा ग्रंथ नव्याने येतो, त्याच्यापर्यंत एवढे तरी पोहोचले पाहिजे की, प्रश्न विचारणे हा अपराध नव्हे. विल्यम न्गिडीजवळ ना हिब्रू होती, ना ग्रीक. 'हे सारे खरे आहे काय?' एवढेच त्याने विचारले आणि प्रामाणिक बिशपांना आपला ग्रंथ पहिल्या पानापासून पुन्हा वाचावा लागला.